एकदाच सांगायची साक्ष

पट्टी सगळी तपकिरी निघाली.

सुगंधा वायदंडे खुर्चीत बसली होती. गळ्याला एक पट्टा, छातीला दुसरा, डोळ्यांसमोर बटणाएवढा कॅमेरा. टेबलावरच्या स्मरणमापकातून कागदाची पट्टी बाहेर येत होती. वीतभर आली, हातभर आली, तपकिरीच. मध्ये एका ठिकाणी तांदळाएवढा निळा ठिपका होता, तेवढाच. तस्लीमने पट्टी उलटी करून मागची बाजूही बघितली.

"काय म्हणतंय मशीन?" सुगंधाने विचारलं.

तस्लीम नदाफ आणि रेवण मठपती ही कायद्याच्या शेवटच्या वर्षाची मुलं. पक्षकाराला वाईट बातमी कशी सांगायची हा धडा त्यांनी मागच्याच महिन्यात गिरवला होता. आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं, साध्या शब्दांत बोलायचं. सुगंधा बसलेलीच होती. रेवण पाणी आणायला गेला.

"मशीन म्हणतंय, तू पाठ केल्यालं बोलतीयास," मी म्हणाले.

"केलंयच की पाठ," ती म्हणाली. "तुमीच म्हणलासा न्हवं अक्का, अशी इस्कटून सांगू नगंस, वळणानं सांग म्हणून?"

म्हणाले होते. नाही कशाला म्हणू?

आमचं कायदा केंद्र इचलकरंजीत कामगारांच्या एका जुन्या हॉलमध्ये बुधवारी आणि शनिवारी भरतं. कॉलेजची मुलं येतात, ज्यांना वकील करणं जमत नाही त्यांची गाऱ्हाणी ऐकतात, अर्ज लिहितात, पुढे चौकशीत त्यांच्या बाजूने उभीही राहतात. लोकांचं काम होतं आणि मुलांचं शिक्षण होतं. मी तिथे नोंदवही ठेवते. बायना माझं नाव, मुलं अक्का म्हणतात. एकतीस वर्षं मी याच गावात यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. अक्षरं एक्कावन्नाव्या वर्षी शिकले, म्हणून माझं लिहिणं हळू आहे, पण नोंद सुटत नाही.

सुगंधाची पहिली नोंद चौदा महिन्यांपूर्वीची. तिचा नवरा आनंदा यशतंतू प्रोसेसर्स या कापड रंगवायच्या कारखान्यात हेल्पर होता. एका दुपारी तिथल्या सांडपाण्याच्या टाकीत गाळ काढायला उतरला आणि गॅसने गुदमरून गेला. कारखान्याने कागदावर लिहिलं, 'दारूच्या नशेत स्वतःहून टाकीत शिरला.' सुगंधा त्या वेळी त्याचा डबा घेऊन आत गेली होती. सुपरवायझर पोवारने त्याला उतरवलं ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं. दुसरा साक्षीदार नाही. तिचं मागणं एवढंच होतं, की त्या कागदावरचं 'स्वतःहून' जावं आणि त्याला कुणी उतरवलं ते लिहिलं जावं. चौकशी अधिकाऱ्यापुढची तारीख एकोणीस दिवसांवर आली होती आणि चौकशीत साक्ष मापकासमोरच द्यावी लागणार होती. म्हणून तस्लीमने कॉलेजातून सरावाचा मापक उचलून आणला होता.

हा मापक काय मोजतो ते आम्हांला गुळवणी मॅडमनी समजावलं होतं. त्या केंद्र चालवतात.

आठवण म्हणजे पेटीत घडी घालून ठेवलेलं लुगडं नव्हे. आपण आठवतो तेव्हा मेंदू ती आठवण उसवतो आणि झाल्यावर पुन्हा विणून ठेवतो. विणताना थोडा धागा आजचा लागतो. एकदा-दोनदा सांगितलं तर फरक पडत नाही. पण तीच गोष्ट दहा-वीस वेळा सांगितली की प्रसंग मागे राहतो आणि आपण मागच्या वेळी वापरलेले शब्दच आठवू लागतो. एसटीचा कंडक्टर थांब्यांची नावं घेतो तेव्हा त्याला ती गावं दिसत नसतात. पण माहेरची विहीर कुठे होती असं एखाद्या बाईला विचारा. ती आधी गप्प होईल, मग हात उचलेल, मग बोलेल. प्रसंग आठवणारा माणूस वस्तूच्या, रंगाच्या, आवाजाच्या आधी थबकतो. श्वास तिथे किंचित अडतो, डोळ्याची बाहुली मोठी होते. शब्द आठवणारा वाक्य संपल्यावर थांबतो, दम घ्यायला. मापक हे थांबे मोजतो. प्रसंगातून आलेलं बोलणं निळं, शब्दांतून आलेलं तपकिरी.

यंत्र वाईट हेतूने केलेलं नव्हतं. ते आलं आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसणारे भाडोत्री साक्षीदार वर्षभरात दिसेनासे झाले. मग कारखान्यांतल्या अपघाताच्या चौकश्यांना ते सक्तीचं झालं. एक तृतीयांशाहून कमी निळं असेल तर जबाबावर 'पढवलेला' असा शिक्का पडतो. कायद्याने अधिकारी तरीही तो जबाब खरा धरू शकतो, पण त्याला कारणं लिहावी लागतात. कारणं लिहायला कुणाला वेळ आहे?

"म्हणजे मी खोटं बोलतीया, असं?" सुगंधा म्हणाली.

"नाही मावशी," तस्लीम म्हणाली. "खोटं असं म्हणत नाही ते. फक्त पाठ आहे म्हणतं."

"साहेबाला त्यातला फरक कळंल का?"

मी नोंदवही उघडली आणि पानं मोजत गेले. पोलीस, दवाखाना, कामगार कार्यालय दोनदा, संघटना, वर्तमानपत्र, गल्लीतला नगरसेवक, शिवाय आणखी कुठे कुठे, असं बाहेर सोळा वेळा. आणि आमच्या केंद्रात अकरा वेळा.

अकरा कशाला? कारण आमची पद्धत तशी होती. मुलांची दर नवी जोडी आली की तिने पक्षकाराची मुलाखत स्वतः, पहिल्यापासून घ्यायची. आधीच्या जोडीचं टिपण वाचायचं नाही, कारण दुसऱ्याच्या टिपणातून माणूस कळत नाही असं मॅडमचं मत. मुलाखतीला वीस गुण. मध्येच तोडलं नाही तर दोन, नजर दिली तर दोन, समजुतीने विचारलं तर चार. सुगंधा रडायची नाही, चिडायची नाही, विचारलं तेवढं सांगायची. तिच्या मुलाखतीला सगळ्यांना चांगले गुण पडायचे. नवी मुलं घाबरलेली असली की मीच मॅडमना म्हणायची, यांना सुगंधा द्या.

"आणि त्या पोवारची पट्टी?" मी विचारलं.

रेवणने मोबाइलवर कागद काढला. पोवारचा जबाब मागच्याच आठवड्यात झाला होता. "ऐंशी टक्के निळी."

"लबाड मेला!"

"लबाड नाही, अक्का. तीच तर अडचण आहे." रेवण वाचू लागला. "मी आनंदाजवळ गेलो तेव्हा दारूचा वास आला. मी बघितलं तेव्हा तो शिडीवर होता. त्याचा हात सुटला आणि तो खाली गेला. बस. यातलं सगळं खरंच असणार. मधलं एक वाक्य त्यानं सांगितलंच नाही. मशीन बोललेलं मोजतं, गाळलेलं नाही. आणि त्यांचे वकील मगदूम हुशार आहेत. त्यांनी पोवारला वर्षभर कुणापुढे तोंड उघडू दिलं नाही. पोलिसांनासुद्धा नुसतं लिहून दिलं."

चांगला वकील असला की माणसाला एकदाच सांगावं लागतं. आमच्या माणसाला दारोदार सांगत फिरावं लागतं, आणि शेवटी त्याच फिरण्याचा डाग त्याच्या बोलण्यावर पडतो. हे मला त्या दिवशी कळलं, आणि सत्तावीसमधले अकरा डाग आमचे होते.

*

शनिवारी रेवण एक तोड घेऊन आला. जयसिंगपूरला एक जुना नाटकवाला होता. तो म्हणे साक्षीदारांना अडखळायला शिकवायचा. कुठे थबकायचं, कुठे श्वास धरायचा, डोळे कुठे न्यायचे. दहा दिवसांत पट्टी अर्धी निळी करून देतो म्हणाला.

"अडखळण्याचा क्लास?" तस्लीम म्हणाली. "रेवण, उद्या वकिलीची सनद घ्यायचीय तुला."

"मग काय करायचं? खरं बोलणारी बाई हरू द्यायची? ती खोटं काही सांगणार नाहीये. खरंच सांगणार, फक्त थांबून थांबून."

सुगंधा मधल्या बाकावर बसून ऐकत होती. "रेवणदादा," ती म्हणाली, "माजा नवरा मेला त्यो दिवस मी नाटकवाल्याकडनं शिकू व्हय?"

रेवण खाली बघू लागला.

"आन दुसरं सांगते. मशीन खरं बोलतंय." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पयल्यांदा सांगायची तवा त्यो दिसायचा. मी सांगायची आन त्यो हितं हुबा असायचा, डोक्याला टॉवेल बांदून. आता तोंड आपलं आपण चालतंय. मागल्या बुधवारी तुमाला सांगताना मी काय इचार करत हुते ठावं हाय? घरात तेल संपलंय, ह्येचा. अक्का, सांगून सांगून मी त्येला घालवून बसले. आता डोळे मिटले तरी टाकी दिसत न्हाई, त्यो बी दिसत न्हाई. माजंच बोलणं ऐकू येतंय."

तिच्यासमोर बसून टिपणं घेणाऱ्या मुलांच्या अकरा जोड्या मला आठवल्या. एकीच्याही वहीत हे नव्हतं.

मग तस्लीमने खुर्ची पुढे ओढली.

"मावशी, एक विचारते. उत्तर हो किंवा नाही एवढंच द्यायचं. त्या दिवसातलं असं काही आहे का, जे तुम्ही आजवर कुणालाच सांगितलं नाही?"

सुगंधाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे.

"हाय," ती म्हणाली. "त्ये असं झालं, सकाळी..."

"नाही!" तस्लीमने दोन्ही तळवे पुढे केले. "सांगू नका. मला नाही, अक्कांना नाही, कुणालाच नाही. घरी एकट्यानं मोठ्यानं बोलूसुद्धा नका."

"अगं पर वाईट हाय त्ये. आपल्या अंगावर येईल."

"येऊ दे."

*

गुळवणी मॅडम ऐकून हबकल्याच. "तस्लीम, पक्षकार काय बोलणार हे माहीत नसताना वकील उभा राहत नाही. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न आपल्या साक्षीदाराला विचारायचा नाही. वकिलीचा पहिला धडा आहे हा."

"तो मापकाच्या आधीचा धडा आहे, मॅडम. माहीत करून घ्यायचं म्हणजे तिला एकदा सांगायला लावायचं. मग तुम्ही ऐकणार, तुम्हांला शंका येणार, परत विचारणार. तारखेपर्यंत तेही तपकिरी होईल. आणि तिच्याकडे एवढंच उरलंय."

"आणि त्यात तिचंच नुकसान असलं तर?"

"असू शकतं. ती म्हणालीच तसं."

मॅडम चष्मा पुसत राहिल्या. "ठरवणारी तू नाहीस, मीही नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तिला बोलाव. धोका काय आहे तो सगळा सांग, गोड न करता. मग ती म्हणेल तसं."

तस्लीमने सांगितलं. ठरल्याप्रमाणे सांगितलं तर 'पढवलेला' शिक्का नक्की. ठेवून दिलेलं सांगितलं तर पट्टी निळी होईल, पण ते आपल्यावर उलटलं तर आमची काहीच तयारी नसेल, आम्ही सावरू शकणार नाही. कागद आहे तसाच कायमचा राहील.

सुगंधाने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "चौदा म्हैने तुमाला पायजे तसं सांगितलं. आता माजं मी सांगते."

*

त्या दिवसापासून माझं काम बदललं. तिला कुणी विचारू नये हे बघायचं. नोंदवहीत तिच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हिला विचारू नये.' केंद्रात नवी मुलं आली की मी तिला बाजूला बसवून कांदा-लसणाच्या गप्पा काढायची. गल्लीत कुणी म्हणालं, "सुगंधे, तारीख लागली म्हणं, काय काय सांगणार?" तर मी म्हणायची, "तुज्या सुनंचं काय झालं गं, आली का परत?" त्या बायका माझ्यावर चिडून निघून जायच्या. जाऊ देत.

अवघड होतं ते तिचंच. एका दुपारी ती माझ्या घरी आली. तोंड उतरलेलं.

"अक्का, मला ऱ्हावत न्हाई. तुमाला एकटीला सांगते. मशीनला काय कळतंय?"

"मशीनला न्हाई कळणार," मी म्हणाले. "तुज्या जिबंला कळंल."

"चौदा म्हैने ऐकलंसा, आन आत्ता ऐकत न्हाईसा?"

मी तिचा हात धरून तिला माझ्या पुतण्याच्या शेडमध्ये नेलं. सोळा माग चालू होते. त्या आवाजात शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. दोघी खाली बसलो, पाठीला पाठ लावून. तिच्यापुढे सुताची टोपली ठेवली, माझ्यापुढेही ठेवली आणि कांड्या भरायला लागलो. पाठीला पाठ अशासाठी, की त्या आवाजात आयुष्य काढलेल्या बायकांना ओठ वाचता येतात. समोरासमोर बसलो असतो तर तिने सांगितलंच असतं आणि मला कळलंच असतं.

तिची पाठ मध्येच हलायची. रडत असावी. मी वळले नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोन टोपल्या संपवल्या. जाताना ती म्हणाली, "तुमी लई वाईट हाईसा." मी म्हणाले, "व्हय." दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली आणि न बोलता टोपली पुढे ओढून बसली. तारखेपर्यंत रोज आली.

*

चौकशीची खोली लहान होती. टेबलामागे चौकशी अधिकारी देशिंगकर, बाजूला मापक आणि तो चालवणारी एक मुलगी. एका बाकावर कारखान्याचे वकील मगदूम, त्यांच्यामागे पोवार. दुसऱ्या बाकावर आम्ही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अशा चौकशीत उभं राहता येतं, शेजारी शिक्षक वकील हवेत. तस्लीम उभी राहिली. तिच्या हातात एकही कागद नव्हता. मगदूमांनी ते बघितलं आणि त्यांना गंमत वाटली.

सुगंधाने सवयीने सुरुवात केली. "माजं नाव सुगंधा आनंदा वायदंडे. घटनेच्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास मी माज्या पतीचा डबा घेऊन..." पट्टी तपकिरी सरकू लागली. 'घटनेच्या दिवशी' हे शब्द माझे होते. मीच तिला दिले होते.

"मावशी," तस्लीम म्हणाली, "थांबा. ते राहू द्या. जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगा."

सुगंधा थांबली. तिने पोवारकडे बघितलं नाही, आमच्याकडेही नाही. टेबलाच्या कडेवर नजर ठेवून बसली. देशिंगकरांनी घड्याळ बघितलं. मॅडम पुढे झुकल्या, पण तस्लीमने हाताने त्यांना थोपवलं.

"सकाळी..." सुगंधा म्हणाली. परत थांबली. "सकाळी त्येनं घेतलीती."

पट्टी निळी सरकली.

"रातपाळी करून आलता. डोळं लाल. म्हणला, झोप येत न्हाई, अंग ठणकतंय. कपाटामागं... हिरव्या बाटलीत, एवडी हुती. घेतली. आन झोपला. मग फोन आला कारखान्यातनं. गडी कमी हाईत, ये म्हणून. मी म्हणलं, जाऊ नगा, वास येतोय तोंडाला. त्यो म्हणला..."

"एक मिनिट," देशिंगकर म्हणाले. "मयताने त्या दिवशी मद्यप्राशन केले होते, हे तुम्हांला मान्य आहे?"

"व्हय. घेतलीती."

मगदूमांनी वहीत एक ओळ लिहिली, तिच्याखाली दोन रेघा मारल्या आणि पेनला टोपण घातलं. रेवणने डोक्याला हात लावला. कारखान्याच्या कागदातलं निम्मं वाक्य आमच्याच साक्षीदाराने खरं करून दिलं होतं. मॅडमनी तस्लीमचा कुडता मागून ओढला. बैस, असा त्याचा अर्थ.

तस्लीम बसली नाही. ती म्हणाली, "मग?"

"मग मी डबा घिऊन गेले. मागल्या दारानं. त्यो टाकीजवळ हुता, टॉवेल..." तिचा हात डोक्याकडे गेला. "टॉवेल बांदून. पोवारसायेब शिडी दावत हुते. ह्येनं हात जोडलं. असं. म्हणला, सायेब, आज नगा. मी घेतलीया. मला गरगरतंय. दुसऱ्या कुणाला तरी उतरवा, उद्या मी दोन टाक्या काडतो." ती थांबली. हात तसेच जोडलेले होते, ते सोडायला विसरली होती. "सायेब हसलं. म्हणलं, घेतलीयास? बरं झालं की. तुला वास येणार न्हाई. उतर. ह्येनं माज्याकडं बघितलं. मी डबा वर केला. भाकरी आणलीया, असं. त्येला वाटलं आसंल, लवकर उरकावं. उतरला."

मापकाचा कागद सरकत सरकत टेबलावरून खाली लोंबत होता. मापकावरच्या मुलीने तो उचलून धरला. हातभर, दीड हात, निळा.

मगदूम उलटतपासणीला उठले. अनुभवी माणूस, आवाज चढवला नाही. "बाई, तुम्ही पोलिसांना जबाब दिला. कामगार कार्यालयात दिला. वर्तमानपत्राला मुलाखत दिली. हे हात जोडणं, हे हसणं, कुठेच नाही. चौदा महिन्यांनी आज पहिल्यांदा सुचलं?"

"सुचलं न्हाई. लपवलं हुतं."

"का?"

"दारू म्हणलं की फुडचं कोण ऐकत न्हाई, सायेब." ती त्यांच्या वहीकडे बघत होती. "तुमी तरी ऐकलासा का? मी घेतलीती म्हणले आन तुमी पेन मिटवून ठेवलासा."

देशिंगकरांनीही त्या वहीकडे बघितलं. मग स्वतःच्या कागदाकडे. त्यांचं लिहिणंही तिथेच थांबलं होतं. त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, "परत सांगा."

"नाही साहेब," तस्लीम म्हणाली. "ती परत सांगणार नाही. मापकात सगळं आवाजासकट नोंदलं आहे. कृपया त्यातून लिहून घ्यावं. माझी विनंती एवढीच आहे की श्री. पोवार यांना आत्ता मापकासमोर बसवून एक प्रश्न विचारू द्यावा."

मगदूमांनी हरकत घेतली. देशिंगकरांनी ती लिहून घेतली आणि पोवारला खुर्चीत बोलावलं. पट्टे बांधले. तस्लीम त्याच्यासमोर उभी राहिली. मुलाखतीच्या धड्यात असते तशी, मान थोडी पुढे, हात मोकळे.

"पोवारसाहेब, आनंदा शिडीवर जायच्या आधी तुम्हांला काय म्हणाला?"

पोवारने तोंड उघडलं. मगदूमांकडे बघितलं. मगदूम समोरच्या भिंतीकडे बघत होते. तस्लीमने प्रश्न परत विचारला नाही, तोडला नाही, मदत केली नाही. नुसती उभी राहिली. पोवारच्या गळ्यावरचा पट्टा वरखाली झाला. मापकाचा कागद जागचा हलला नाही.

"नोंद घ्या," देशिंगकर मुलीला म्हणाले. "साक्षीदार दोन मिनिटं गप्प."

*

आदेश सात आठवड्यांनी आला. मॅडमनी तो माझ्या हाती दिला आणि सुगंधाला वाचून दाखवा म्हणाल्या. ती बुधवारी आली, बाकावर बसली.

"एकदाच वाचा, अक्का," ती म्हणाली. "हळू, पर एकदाच."

मला हळूच वाचता येतं. मी बोट ठेवून वाचलं. "मयताने आपण मद्यप्राशन केले असल्याचे सांगून, हात जोडून टाकीत उतरण्यास नकार दिला होता. तरीही सुपरवायझर यांनी त्यास टाकीत उतरविले. मयत स्वतःहून टाकीत शिरला हा कारखान्याचा अहवाल खोटा ठरविण्यात येत आहे."

दारू कागदात राहिली. हात जोडलेलेही राहिले.

तिने कागद घेतला, घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवला. तस्लीम आणि रेवण नव्या मुलांना घेऊन आत बसले होते. भिंतीवर मॅडमनी नवा नियम लावला होता. पक्षकाराने एकदाच सांगायचं, ते एकदाच नोंदवायचं, आणि पुढच्या प्रत्येक जोडीने तेच ऐकायचं. सरावासाठी मुलांनी एकमेकांची गाऱ्हाणी ऐकायची, तीही खरी. त्या दिवशी एका मुलाने आपल्या वडिलांचं काही सांगितलं आणि त्याचा आवाजच फुटेना. त्याला पाणी कुणी द्यायचं यावरून दोघांचा गोंधळ उडाला.

दाराशी वर्तमानपत्रवाला उभा होता, मागचाच. "वहिनी, अभिनंदन. जरा सांगता का, त्या दिवशी नेमकं काय झालं?"

"कागुद वाचा," सुगंधा म्हणाली. "त्यात सगळं लिवलंय."

"तुमच्या तोंडून हवं होतं."

"न्हाई."

ती त्याच्या बाजूने निघून गेली. मी नोंदवहीत तारीख घातली आणि तिचं पान बंद केलं. अजूनही ती अधूनमधून दुपारी शेडमध्ये येते, दोघी कांड्या भरतो, आता समोरासमोर बसून. आनंदा तिला परत दिसायला लागला का, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.